बॉनेट कोणी लावलं

४ एप्रिल

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

पाहुण्या फौजेच्या त्या ट्रकचालकावर लष्करी न्यायालयात खटला चालणार, हे आज नक्की झालं. कालपर्यंत नुसती कुजबुज होती. आज दुपारी न्यायालयाच्या अध्यक्षांनी मला बोलावून स्वतः सांगितलं, कारण तो आणि न्यायालय यांच्यामध्ये बसून एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं काम माझ्याकडे आलं आहे. आरोप दोन: परवानगी नसताना गाडी नेली, आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला जबर जखमी केलं. दोन्ही सिद्ध झाले तर काही वर्षांची कैद, आणि तीही आपल्या तुरुंगात. दोन्ही फौजांच्या करारात तसं ठरलेलं आहे म्हणे. आपल्या हद्दीत घडलं तर न्यायही आपला.

तुला का लिहिते आहे ते कळलंच असेल. गाडी तुमच्या वर्कशॉपमधून गेली. कागदावर दुरुस्ती करणाऱ्याचं नाव वाचलं आणि ते आपल्याच घरचं निघालं. अध्यक्षांना लगेच सांगितलं की हा माझा भाचा. ते म्हणाले, "बाई, तुम्ही फक्त भाषा बदलून द्यायची आहे. नातं असलं म्हणून शब्द बदलणार आहेत का?" सुनावणी खुली आहे, त्यामुळे तुला लिहायलाही हरकत नाही म्हणाले.

इतकी वर्षं कॉलेजात मी पाहुण्यांची भाषा शिकवली. वर्गात मुलं कमी आणि बाकं जास्त. तुझा बाप तर म्हणायचा, ही भाषा शिकून तू फक्त स्वतःशी बोलू शकशील. आता त्यांची पलटण आपल्या मदतीला आली आणि दादा शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत फिरतो की माझी बहीण मुख्यालयात असते.

तर त्या दिवशी नक्की काय झालं ते लिही. जखमी पहारेकरी कसा आहे? तू त्याला ओळखत असशील.

तुझी
आत्या


९ एप्रिल

तीर्थस्वरूप आत्यास,
शि. सा. नमस्कार.

ओळखत असशील म्हणजे काय, आम्ही एका खोलीत राहतो. त्याला सगळे पहिलवान म्हणतात, कारण फुंकर मारली तर उडेल असा आहे. उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडलाय. डॉक्टर म्हणतात चालेल, पण लंगडेल. तेव्हा त्या चालकाला काय द्यायची ती शिक्षा द्या. मी काही रडणार नाही.

झालं ते असं. ट्रकच्या मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेकशू मी काढले होते. म्हणजे आत्या, पायाने ब्रेक दाबला की जे चाकाला आतून घासून धरतं तेच नव्हतं. मागून तेल निसटतं, म्हणून पुढचेही लागत नाहीत, आणि हातब्रेकही त्याच्यावरच चालतो. चाकं परत बसवली, खाली लाकडी ठोकळा लावला, बॉनेट उघडं ठेवलं आणि नवे शू आणायला स्टोअरमध्ये गेलो. गाडी शेडमध्येच होती. स्टोअरवाल्याने नेहमीप्रमाणे ताटकळत ठेवलं. परत येतो तर गाडी गायब, आणि खालून धडाका ऐकू आला. आमच्या शेडपासून फाटकापर्यंत उतार आहे. फाटकापाशी पाण्याचे कॅन भरायला माणसं उभी होती. त्यांच्या अंगावर जाऊ नये म्हणून त्याने गाडी पहारेकऱ्याच्या खोक्यावर घातली. खोक्यात आमचा पहिलवान.

बॉनेट उघडं, चाकाला ठोकळा. आणि हा बाबा ठोकळा काढतो, बॉनेट लावतो आणि खुशाल निघतो.

तुला म्हणून सांगतो, हे पाहुणे आपल्याला झेपण्यातले नाहीत. जेवताना एक शब्द बोलत नाहीत आणि काम करताना गातात. आपलं नेमकं उलट. त्यांचा हवालदार काम जेवढं तातडीचं तेवढं हळू बोलतो. आमचा मिस्त्री बोंब मारायला लागला की ते कामं टाकून बघत उभे राहतात, त्यांना वाटतं करमणूक चालली आहे. आणि आमच्या कामावर तर त्यांचा काडीचा भरवसा नाही. गाडी दुरुस्त करून, पुसून, बॉनेट लावून दिली तरी परत उघडणार, आत डोकावणार, मग स्वतःच्या हाताने लावणार. मिस्त्री म्हणतो, सुनेने घासलेली भांडी सासू परत घासते तशातली गत. गेल्या महिन्यात तर त्यांच्या एकाने आपण बॉनेट लावून दिलेली गाडी नेलीच नाही. सकाळपासून जेवणापर्यंत गाडीशेजारी उभा राहिला. मिस्त्रीने शेवटी हाकलला त्याला.

पहिलवानासाठी जुनी मासिकं असली तर पाठव. तो भिंतीवरचे पोपडे मोजतो आहे.

तुझा
खटपट्या


१४ एप्रिल

चि. खटपट्यास,
आशीर्वाद.

मासिकांचा गठ्ठा वेगळा पाठवला आहे. वरची दोन शिवणकामाची आहेत, ती पहिलवानाने रागावून न घेता वाचावीत.

काल सुनावणीचा पहिला दिवस झाला. पालिकेचं जुनं सभागृह आहे. टेबलावर हिरवं कापड, त्यावर शाईचे डाग, आणि खिडकी लावली तर गुदमरतं, उघडली तर रस्त्यावरची हातगाडी बोलते. तुझा चालक तिशीचा असेल. दोन्ही हात मांड्यांवर पालथे ठेवून बसतो. आपली भाषा त्याला शून्य येते. विचारलेल्याचं तो लगेच उत्तर देतो, आणि तरी काही सांगत नाही. सरकारी वकिलांचे प्रश्न आणि त्याची उत्तरं, तूच बघ.

"गाडी न्यायची परवानगी कोणी दिली?"

"बॉनेट उघडं होतं."

"ते उघडं होतं म्हणूनच विचारतोय. काम चालू आहे हे दिसलं नाही?"

"बॉनेट उघडं होतं. मी आत पाहिलं. पाणी, तेल, पट्टे. मग मी लावलं."

"जे घडलं त्याला जबाबदार कोण?"

"बॉनेट मी लावलं."

सरकारी बाजूचे वकील अध्यक्षांना म्हणाले, "हा वेड पांघरतोय साहेब." मग अध्यक्षांनी मला सांगितलं, "बाई, सरळ विचारा. दोष मान्य आहे का?" मी विचारलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की ही बाई एकच गोष्ट कितीदा विचारते. म्हणाला, "सांगितलं ना. बॉनेट मी माझ्या हाताने लावलं." अध्यक्षांनी लिहिलं: कबुली दिली.

मी शब्दाला शब्द दिला आहे. कुठे चूक नाही, हे मी कोणत्याही परीक्षकासमोर सांगेन. तरी खोलीवर येऊन ती उत्तरं पुन्हा लिहून काढली. ज्याला सुटायचं आहे तो असं बोलत नाही, आणि ज्याला कबूल करायचं आहे तोही असं बोलत नाही. कबूल करणारा 'चुकलो' म्हणतो. हा तर काहीतरी मोठं सांगितल्यासारखा ताठ बसला होता.

मग तुझं पत्र पुन्हा काढलं. ती सासू-सुनेची गंमत वाचून पहिल्यांदा हसले होते, आता हसू आलं नाही. मला राग बाजूला ठेवून लिही: बॉनेट परत उघडून लावणारे त्यांचे एक-दोघेच आहेत की सगळे? आणि तो उभा राहिलेला चालक, त्याला काय हवं होतं?

तुझी
आत्या


१८ एप्रिल

ती. स्व. आत्यास,
नमस्कार.

सगळेच. नवी कोरी गाडी असो की जुना डबा, प्रत्येक जण तेच करतो. तो उभा राहिलेला काय म्हणत होता कोणाला माहीत, आमच्यात तुझ्यासारखं कोणी नाही. नुसता बॉनेटवर हात थोपटत होता. आम्हाला वाटलं गाडीचे लाड करतोय.

पण यात काय आहे? उघडं बॉनेट म्हणजे काम चालू, हात लावू नका. हे शेंबडं पोरही सांगेल. तू त्या माणसाची बाजू का घेतेस हे मला कळत नाही. पहिलवानाला काल उठवून बसवलं. घाम फुटला होता त्याला. तू इथे असतीस तर असं विचारलं नसतंस.

मासिकं मिळाली. शिवणकामाचं त्याने सगळ्यात आधी वाचलं. आता माझ्या शर्टाच्या कॉलरला नावं ठेवतो.

खटपट्या


२४ एप्रिल

चि. खटपट्यास,
आशीर्वाद.

मी कोणाचीच बाजू घेत नाही. मध्ये बसणाऱ्याला बाजू नसते, म्हणून तर त्याला दोन्हीकडून बोलणी बसतात. तुझी बसली, आता तिकडची बसतील.

आरोपीशी मला परस्पर बोलायची मुभा नाही. पण त्याच्या बचावाला आपला एक तरुण लेफ्टनंट नेमला आहे, त्याला मी तुझ्या पत्रातलं सांगितलं. पोरगा चांगला आहे, पण त्याला वाटत होतं कबुली दिली म्हणजे आपलं काम संपलं. तरी अध्यक्षांना विचारून तो मला पाहुण्यांच्या एका कॅप्टनकडे घेऊन गेला. हा कॅप्टन दोन्ही फौजांमधला निरोप्या म्हणून इथेच असतो. मी विचारलं, "तुमच्याकडे मेकॅनिकचं काम झालं की काय होतं?"

तो म्हणाला, "काय होणार? बॉनेट उघडं ठेवून गाडी रांगेत उभी करतो."

"उघडं का?"

"चालकाला बघता यावं म्हणून. त्याने बघायचं, पटलं तर त्याने लावायचं. लावलं की गाडी त्याची. पुढे तिचं जे होईल ते त्याचं."

"आणि मेकॅनिकनेच लावून दिलं तर?"

"मग गाडी अजून मेकॅनिकचीच. चालक ती कशी नेईल?"

मी म्हटलं, हे तुम्ही आमच्या लोकांना का नाही सांगितलं? तो खरोखरच गोंधळला. म्हणाला, "यात सांगण्यासारखं काय आहे? तुमच्याकडे मग गाडी कोणाची आहे हे कळतं कसं?"

लेफ्टनंट म्हणाला, आमच्याकडे कागद असतो. कॅप्टन म्हणाला, "तुमच्याकडे सगळ्यालाच कागद असतो, म्हणून आम्ही तो वाचत नाही."

तेव्हा तुमच्या वर्कशॉपात तुम्ही एकमेकांचा अपमान करत होतात आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. तुम्ही बॉनेट लावून देत होतात ते त्यांना वाटायचं की गाडी द्यायची नाही. ते उघडून लावायचे ते तुम्हाला वाटायचं की भरवसा नाही. खरं म्हणजे ते बिचारे दर वेळी तुमच्या कामाची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेत होते.

चालकाला स्वतःला हे सांगायला काय झालं होतं, असं तू विचारशील. मीही विचारलं. कॅप्टन म्हणाला, बॉनेट लावल्यावर मेकॅनिककडे बोट दाखवणारा चालक आमच्यात परत कोणाच्या शेजारी बसू शकत नाही. तुरुंगात जाईल पण म्हणणार नाही.

आता मुख्य गोष्ट. कॅप्टनचं म्हणणं न्यायालय ऐकून घेईल, पण सरकारी वकील एकच विचारणार: शेडमध्ये काम चालू असलेली गाडी आणि रांगेत तयार उभी असलेली गाडी यांतला फरक तरी त्याला कळायला हवा होता की नाही? आणि वकिलांचं म्हणणं बरोबर असेल. पाहुण्यांकडेही शेडमधल्या गाडीला चालक हात लावत नाही. पण काल साक्षीत चालक म्हणाला की गाडी शेडच्या बाहेर, तयार गाड्यांच्या रांगेत होती. तुमच्या मिस्त्रीचा लेखी जबाब म्हणतो, शेडमध्ये. तुझं पत्रही म्हणतं, शेडमध्ये.

मी तुला खोटा म्हणत नाही, बाळा. विचारते आहे. गाडी कुठे होती? रांगेत असेल तर तो सुटू शकतो. शेडमध्ये असेल तर नाही. हे सांगू शकणारी माणसं दोनच आहेत, तू आणि मिस्त्री.

तुझी
आत्या


२ मे

ती. स्व. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. पत्र खिशात घेऊन फिरत होतो.

गाडी रांगेत होती.

त्या दिवशी मोठे साहेब तपासणीला येणार होते. शेड मोकळी आणि झाडलेली दिसायला हवी, म्हणून मिस्त्री म्हणाला, "तो डबा बाहेर ढकल, साहेब गेले की आत घे." म्हणून तर शू काढलेले असताना चाकं परत बसवली. रांगेच्या टोकाला जागा होती तिथे लावली. उघडं बॉनेट आहे, कोण हात लावणार, असं मला वाटलं. धडाका झाल्यावर मिस्त्री एवढंच म्हणाला, "गाडी शेडमध्ये होती, काय?" मी हो म्हटलं. हा धंदा मला त्याने शिकवला आहे आत्या. पाना कसा धरायचा इथपासून.

पहिलवानाला न विचारता काही करायचं नाही असं ठरवलं आणि दवाखान्यात गेलो. तो खाटेवर बसून उशीच्या अभ्र्याला टीप घालत होता, तुझ्या मासिकाची कृपा. सगळं सांगितलं. बॉनेटचं, रांगेचं, मिस्त्रीचं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे त्याला वाटलं गाडी तयार आहे."

मी म्हटलं, "हो."

"आणि पाण्याला उभी असलेली माणसं वाचवायला माझ्यावर घातली."

"हो."

"खोकं रिकामं वाटलं असेल. मी बसलो की दिसतच नाही कोणाला." मग दोरा तोडला आणि म्हणाला, "मग तू इतके दिवस कोणावर चिडून होतास?"

मी म्हटलं, तुझ्या पायासाठीच चिडलो होतो.

"लेका, माझ्या पायाचं वकीलपत्र तुला कोणी दिलं? माझा पाय आहे, मी चिडेन. तू जाऊन गाडी कुठे होती ते सांग. आणि जाताना मोठी सुई आण, ही वाकली."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला आधी सांगितलं, पाठीमागून करायचं नव्हतं. नेहमीसारखा ओरडला असता तर बरं वाटलं असतं. हळू म्हणाला, "तुझं तू बघ." त्या पाहुण्यांच्या हवालदारासारखं. तेव्हापासून बोलत नाही. नंतर वर्कशॉपच्या कॅप्टनसाहेबांसमोर जबाब बदलून सही केली. त्यांनी विचारलं, याचा परिणाम माहीत आहे ना? पुढच्या, आघाडीवरच्या ठाण्यावर मेकॅनिक कमी आहेत. माझी तिकडे बदली होईल असं सगळेच धरून चालले आहेत. दादांना एवढ्यात सांगू नकोस.

एक राहिलं. काल पाहुण्यांचा एक चालक गाडी न्यायला आला. क्लचचं काम मी केलं होतं. मी बॉनेट उघडंच ठेवलं आणि बाजूला झालो. त्याने पाहिलं, लावलं, आणि माझ्याशी हात मिळवला. इथे आल्यापासून पहिल्यांदा. शेडमधली बाकीची मंडळी म्हणाली, सून सासूला फितूर झाली.

तुझा
खटपट्या


७ मे

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा जबाब मुख्यालयात पोचला. लेफ्टनंटने तो माझ्यासमोर वाचला आणि तसाच अध्यक्षांकडे गेला. तुला समन्स निघालं आहे. गुरुवारी सकाळी पहिली साक्ष तुझी, दुसरी पाहुण्यांच्या कॅप्टनची. मिस्त्रीलाही बोलावलं आहे. एका गाडीतून यावं लागलं तर तू आधी नमस्कार कर. त्याने नाही केला तरी चालेल. रागावलेला गुरू तोंड फिरवतो, पण कान इकडेच असतात.

लेफ्टनंटचा अंदाज सांगते, वाढवून सांगत नाही. परवानगीशिवाय गाडी नेल्याचा आरोप बहुधा पडेल. पहारेकऱ्याला जखमी केल्याचा टिकेल की नाही हे तो सांगू शकत नाही. सरकारी वकील म्हणणार की परक्या फौजेत आल्यावर तिथली रीत शिकून घेणं हे ज्याचं त्याचं काम. यावर अध्यक्षांचं मत काय आहे ते त्यांच्या चेहऱ्यावरून कोणालाच कळत नाही. वर्कशॉपची वेगळी चौकशी लागेल, त्यात तुझंही नाव असेल. बदलीचं तू म्हणतोस तसं होण्याची शक्यता मलाही दिसते. दादाला मी सांगितलेलं नाही, पण तो विचारेल तेव्हा खोटं बोलणार नाही.

तुझा जबाब आरोपीला वाचून दाखवायचा नियम आहे. काल मी तो त्याच्या भाषेत वाचला. त्याने शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, "हा मेकॅनिक माझ्या बाजूने का बोलतो आहे? गाडी तर माझी होती." मी तो प्रश्न लेफ्टनंटला आपल्या भाषेत सांगितला.

तू आलास की जेवायला माझ्याकडे ये. खोली पालिकेच्या मागच्या गल्लीत आहे, लाल जिन्याच्या इमारतीत. साक्षीआधी मात्र मला भेटू नकोस, आणि सभागृहात मला ओळख दाखवू नकोस. तिथे मी तुझी आत्या नाही.

निकाल शनिवारी आहे. अध्यक्ष आपल्या भाषेत वाचतील. पहिल्या दोन ओळींतच खोलीतल्या प्रत्येकाला कळेल, फक्त त्याला कळणार नाही. तो हात मांडीवर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत असेल, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत मला चेहऱ्यावर काहीही येऊ देता येणार नाही. मग ते म्हणतील, "बाई, सांगा त्यांना."

तुझी
आत्या